काजूच्या भाटीवरची चिलटं आणि पी-घटक : प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी

विषय आज पक्का झाला. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर या चिलटांमध्ये पी-घटक (डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा) आहे का, असला तर पुरा आहे की तुटका, आणि अजून उड्या मारतो का, एवढं मे महिन्यापर्यंत बघायचं. मॅडमनी दोनदा विचारलं, "माश्या सांभाळशील ना नीट? रविवारीसुद्धा यावं लागतं." हो म्हटलं आहे.

अहवाल इंग्रजीत जाणार, पण वही मराठीत ठेवते. मराठीत लिहायला बसलं की आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवते. "फळमाशी" म्हटलं की आमच्याकडे आंब्यात अळ्या पाडणारी बॅक्ट्रोसेरा डोळ्यांसमोर येते. मामाच्या बागेत तिच्यासाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगलेले असतात. माझी माशी ती नव्हे. माझी म्हणजे पिकलेल्या केळ्याभोवती घुटमळणारं, दोन-तीन मिलिमीटरचं, लाल डोळ्यांचं चिलट.

पी-घटक हा एक ट्रान्स्पोझॉन. ट्रान्स्पोझॉन म्हणजे डीएनएचा असा तुकडा, जो आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतो किंवा आपली नक्कल दुसरीकडे बसवतो. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघून तो १९४० च्या दशकात ओळखला, १९५० साली त्यावर निबंध छापला, आणि नोबेल मिळालं १९८३ मध्ये. मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणाही असाच एक तुकडा जनुकात घुसल्यामुळे सुरकुतला होता, हे १९९० मध्ये कळलं. शाळेपासून ते वाटाणे वहीत काढत आले, तीनास एक हे प्रमाण पाठ केलं. सुरकुती मुळात कशाने पडते, हे कधी विचारावंसं वाटलं नाही याचं आज वाईट वाटलं.

मॉर्गन यांना १९१० मध्ये मिळालेली पांढऱ्या डोळ्यांची माशी, जिच्यापासून हे सगळं शास्त्र उभं राहिलं, तीसुद्धा तशीच निघाली. डोळ्याला रंग देणाऱ्या जनुकात "डॉक" नावाचा तुकडा घुसला होता. मेलानोगॅस्टरच्या एकूण डीएनएतला साधारण पाचवा हिस्सा असल्या तुकड्यांचा आहे.

१९ जानेवारी

माध्यम शिजवलं. रवा, गूळ, अगर-अगर, यीस्ट, आणि बुरशी येऊ नये म्हणून शेवटी प्रोपिऑनिक आम्ल. आम्ल घालेपर्यंत सगळ्या मजल्यावर शिऱ्याचा वास होता. शंभर शीश्या भरल्या, कापसाची बुचं स्वतः वळली.

घरी, मागच्या पडवीत आणि केळीच्या आळ्यापाशी, पिकल्या केळ्याचे सहा सापळे ठेवले आहेत. प्लास्टिकच्या बाटल्या, आत केळं आणि चिमूटभर यीस्ट.

२७ जानेवारी

सापळ्यांत भरपूर माश्या. ईथरने गुंगवून पांढऱ्या फरशीवर पसरल्या. ज्या नरांच्या पोटाचा शेवट काळा, ते मेलानोगॅस्टर, असं धरून २४ नर वेगळे काढले. बाकीचे फिकट पोटाचे. ते बहुतेक अनानासी. हिंदुस्थानात घराघरांत सापडणारी हीच जात.

पी-घटकाची मापं इथेच टिपून ठेवते, पुढे सारखी लागतील. पुरा घटक २,९०७ अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक दुवा). दोन्ही टोकांना ३१ अक्षरांचा एकच मजकूर, पण एकमेकाच्या उलट दिशेने लिहिलेला. मधे एकच जनुक, ट्रान्स्पोझेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार करणारं. हेच विकर ती दोन टोकं ओळखून तुकडा कापतं आणि नव्या जागी शिवतं. जिथे शिवतं तिथल्या मूळ मजकुरातली ८ अक्षरं दोन्ही बाजूंना दुहेरी होतात. म्हणजे पाहुणा पुढे निघून गेला तरी बसल्या जागेची खूण मागे राहू शकते.

टोकं एकसारखी असल्यामुळे मला पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या एका भागाच्या असंख्य नकला काढायच्या रीतीला, दोनऐवजी एकच प्रायमर (नक्कल सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) पुरतो. तो दोन्ही टोकांना चिकटतो आणि मधला सगळा मजकूर वाढवून देतो. मग तुकडे जेलमधून लांबीप्रमाणे वेगळे करायचे : पुरा घटक असला तर २.९ हजारांवर पट्टा, तुटका असला तर खाली.

३ फेब्रुवारी

एका माशीचा डीएनए काढायची रीत इतकी साधी असेल असं वाटलं नव्हतं. छोट्या नळीत एक माशी, पिपेटच्या टोकात ५० मायक्रोलिटर द्रावण घ्यायचं, ते न सोडता टोकानेच माशी चुरडायची, मग द्रावण सोडायचं. द्रावणात प्रोटिनेज-के असतं, ते प्रथिनं खाऊन टाकतं. ३७ अंशांवर अर्धा तास, मग ९५ अंशांवर दोन मिनिटं, म्हणजे ते विकरही मरतं. २४ नळ्या, दीड तास.

५ फेब्रुवारी

पट्टा नाही. २४ पैकी एकातही नाही. मायटोकाँड्रियाच्या जनुकाचा ताळा म्हणून लावलेला पीसीआर मात्र सगळ्या नळ्यांत झकास आला, तेव्हा डीएनए चांगला आहे. प्रायमर बिघडला असेल म्हणावं, तर पी-घटक असलेल्या एका प्रयोगशाळेतल्या माशीचा डीएनए मॅडमकडे होता. त्यात पट्टा आला.

संध्याकाळभर वाटत राहिलं की सत्तरीत पी-घटक पोचलाच नाही, आणि हे किती मोठं ठरेल. मॅडम एवढंच म्हणाल्या, "उद्या शिल्लक नर घेऊन ये."

६ फेब्रुवारी

माझी जातच चुकली होती.

मॅडमनी एक नर भिंगाखाली ठेवून पुढच्या पायाकडे बघायला लावलं. मेलानोगॅस्टरच्या नराच्या पुढच्या पायावर, घोट्याच्या पहिल्याच पेरावर, दहा-बारा जाड काळ्या दातांची एक फणी असते. माझ्या नरांच्या पायावर आडव्या ओळी होत्या, एकाखाली एक, आणि एकाहून जास्त पेरांवर. म्हणजे अनानासीच्या गोतातली जात, आणि पोटाचा शेवट काळा, तेव्हा मालेरकोटलियाना. पंजाबातल्या मालेरकोटल्याच्या नावाची माशी माझ्या परसात केळं खात होती आणि मी तिला भलतंच नाव देऊन बसले होते.

आता नियम : फणी बघितल्याशिवाय एकही नर नळीत जाणार नाही. माद्या पकडल्या तर प्रत्येकीला स्वतंत्र शीशीत अंडी घालू द्यायची आणि मुलग्यांच्या फण्या बघून आईची जात ठरवायची. एका मादीची संतती म्हणजे एक "ओळ".

आणि मेलानोगॅस्टर कुठे शोधायची, यावर मॅडमचं उत्तर मला फार आवडलं : "जिथे दारू होते तिथे." मेलानोगॅस्टरकडे मद्यार्क पचवणारं विकर जोरकस असतं. आंबलेल्या फळात जिथे अनानासीच्या अळ्या तग धरत नाहीत, तिथे हिच्या अळ्या वाढतात. मी वाळपईजवळच्या मामाच्या घरचं नाव घेतलं. मामाची काजूची भाटी आहे.

१ मार्च

काजूची बोंडं पडायला लागली. शनिवारी पहाटेच मामाकडे गेले.

भाटी घरापासून पाच मिनिटांवर, काजूच्या उतारावर. बोंडू वेचून बिया पिळून वेगळ्या काढायच्या, बोंडं दगडी कुंडात तुडवायची, राहिलेल्या चोथ्याचा गोळा बांधून वर दगड ठेवायचा. त्यातून जो निथळ रस गळतो तो नीरो, तो तसाच प्यायचा. तुडवलेला रस भांड्यात दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. बाहेरून कुणी यीस्ट घालत नाही, बोंडांवर आणि भांड्यांत असतं तेच. मग पहिल्या धारेचा हुर्राक आणि त्यापुढे फेणी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मामाला अभिमान आहे आणि तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

आंबणाच्या भांड्यांच्या काठांवर चिलटांचा थर होता. मी जाळी फिरवली, तर मामा म्हणाला, "बाय, जन्मभर आम्ही ह्यांना हाकलतोय, आणि तू पकडून शहरात नेतेस?" मग त्याने स्वतः चोथ्याच्या ढिगाऱ्याकडे नेलं. तिथे अळ्या सुद्धा होत्या.

दुपारी पडवीत बसून भिंगातून नर बघितले. फणी, एका पेरावर, एकच. पुन्हा फणी. पुन्हा. दहापैकी आठ-नऊ मेलानोगॅस्टर. घरच्या केळ्यावर महिनाभर जी मिळाली नाही ती इथे थव्याने. ३० माद्या वेगवेगळ्या शीश्यांत घातल्या.

काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. पी-घटकाचं मूळही त्याच खंडात आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या विलिस्टोनी नावाच्या माशीत तो जुना रहिवासी. तिच्यातल्या पी-घटकात आणि मेलानोगॅस्टरमधल्या पी-घटकात फक्त एका अक्षराचा फरक निघाला. या दोन माश्यांचा समागम होऊ शकत नाही. त्यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. म्हणजे डीएनए आई-बापांकडून आला नाही, आडवा आला. आणि आला तो अगदी परवा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पकडून प्रयोगशाळांत जतन केलेल्या मेलानोगॅस्टरच्या वंशांत पी नाही. १९७० च्या दशकाअखेर रानातून पकडलेल्या माश्यांत तो जवळपास सगळीकडे होता. माझ्या आजीच्या हयातीत एका प्राण्याचा जगभरचा डीएनए बदलून गेला. हे वाक्य लिहून मी जरा वेळ भाटीच्या काठावर नुसती बसले.

८ मार्च

पट्टा आला!

जिवंत राहिलेल्या ओळींपैकी १६ ओळींतला एकेक नर घेतला. १६ पैकी १६ मध्ये पी-घटकाचा काही ना काही पट्टा. पण २.९ हजारांवर नाही. सगळ्यांत ठळक पट्टा १,१००-१,२०० च्या दरम्यान. वरती कुठे कुठे अंधूक काहीतरी.

मॅडमनी जेल बघून लगेच सांगितलं, "केपी असणार." केपी म्हणजे पी-घटकाचं तुटकं भावंड. पुऱ्या घटकातली ८०८ ते २,५६० ही अक्षरं गळालेली, उरतात १,१५४. रशियातल्या क्रास्नोदार इथल्या माश्यांवरून १९८७ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि युरोप-आशियात तो खूप पसरलेला आहे.

एक सावधगिरी : एकाच प्रायमरने आखूड आणि लांब दोन्ही तुकडे वाढत असले की आखूड जिंकतो. म्हणून केपी दिसला याचा अर्थ पुरा घटक नाही असा होत नाही. गळालेल्या भागातच चिकटणारे दोन प्रायमर वापरून परत बघायचं.

११ मार्च

आतल्या प्रायमरने १६ पैकी ११ ओळींत पट्टा. तेव्हा केपीखेरीज लांब पी-घटकही भाटीवर आहेत.

ते तुटतात कसे, हे आज नीट समजलं, आणि त्याबरोबर एक जुनी शंकाही फिटली. पी-घटक कापून दुसरीकडे जातो, मागे नक्कल ठेवत नाही. मग त्यांची संख्या वाढते कशी? उत्तर पेशीच्या दुरुस्तीत आहे. समजा एका वहीच्या दोन जुळ्या प्रती शेजारी ठेवल्या आहेत. एकीतलं पान कुणी फाडून नेलं, तर पेशी दुसरी प्रत उघडून ते पान जसंच्या तसं उतरवून काढते. नेलेलं पान तिसरीकडे चिकटतं, आणि इथलं पानही परत लिहिलं जातं. एकाची दोन झाली. पण उतरवताना मधेच हात थांबला, तर पानाची सुरुवात आणि शेवट राहतो आणि मधल्या ओळी गळतात. तुटके घटक असे तयार होतात. त्यांना स्वतःचं विकर करता येत नाही, पण टोकं शाबूत असल्यामुळे दुसऱ्याच्या विकरावर ते फिरू शकतात. केपी तर त्याहून पुढे जातो : त्याच्यापासून एक आखूड प्रथिन तयार होतं आणि तेच पुऱ्या पी-घटकाला आवर घालतं.

१६ मार्च

मॅडमच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेतून दोन वंश आले. कँटन-एस : अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कँटनचा, पी-घटक यायच्या आधीचा, म्हणून रिकामा. हार्विच : मॅसॅच्युसेट्समधल्या हार्विचला १९६७ मध्ये पकडलेला, पी-घटकांनी भरलेला आणि जोरदार.

आता खरी परीक्षा. १९७७ मध्ये मार्गारेट किडवेल, जेम्स किडवेल आणि जॉन स्वेड यांनी या प्रकाराला "संकर-विकृती" असं नाव दिलं. पी असलेला बाप आणि पी नसलेली आई यांच्या मुली, उबदार जागी वाढल्या तर, वांझ निघतात. अंडाशय वाढतच नाहीत. उलट जोडी लावली, म्हणजे आई पीवाली आणि बाप रिकामा, तर मुली ठणठणीत. दोन्हीकडे मुलींचा डीएनए सारखाच, तरी एकीकडे वंश बुडतो आणि दुसरीकडे चालतो.

शिगम्याची सुट्टी आहे, तरी रोज यावं लागणार. कोषातून निघाल्यापासून आठ तासांच्या आत माद्या वेगळ्या केल्या तरच त्या कुमारी असल्याची खात्री. सकाळी पहिल्या कदंबा बसने निघते, सातला शीश्या रिकाम्या करते, दुपारी दोनला परत वेचते. गावात रोमटामेळ निघालं तेव्हा मी माद्या मोजत होते. ढोल-ताशे ऐकू आले नाहीत याची हुरहुर आहे.

२३ मार्च

चार शीश्यांत माइट (कोळ्याच्या गोतातले बारीक जीव). कापसाच्या बुचांवर पांढऱ्या पिठासारखे हलणारे ठिपके. इथल्या दमट हवेत हे व्हायचंच, असं प्रयोगशाळेतले काका म्हणतात. चारही शीश्या उकळत्या पाण्यात घालून टाकल्या, टेबल स्पिरिटने पुसलं, बाकी ओळी दोनदा नव्या शीश्यांत हलवल्या.

चिडचिड झाली, पण वाचताना माइटचाच संदर्भ पुढे आला. विलिस्टोनीतून मेलानोगॅस्टरमध्ये पी-घटक कुणी नेला असेल, याचा एक संशयित माइटच आहे. प्रोक्टोलिलॅप्स रेगॅलिस नावाचा. तो माशीच्या अंड्याला भोक पाडून आतलं शोषतो, मग शेजारच्या अंड्याकडे जातो. एकाच सडक्या फळावर दोन जातींची अंडी शेजारी शेजारी असली, तर एका अंड्यातला अंश दुसऱ्यात जाऊ शकेल. १९९१ च्या निबंधात दाखवलं गेलं की पी असलेल्या माश्यांबरोबर वाढलेल्या या माइटांमध्ये पी-घटकाचा मजकूर सापडतो. तसं घडताना कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा संशयापुढे जाता येत नाही. माझ्या बुचांवरचे माइट कोणत्या जातीचे ते मी तपासलेलं नाही.

५ एप्रिल

पहिली तुकडी वाया. काल रात्री वादळी पाऊस झाला, वीज गेली, पहाटे इन्क्युबेटर उघडला तेव्हा आत ३३ अंश. संकर-विकृतीसाठी २९ अंश हवे. त्याहून फार वर गेलं तर नुसत्या उष्णतेनेच माश्या वांझ होतात, मग पीचा दोष कुठला आणि उन्हाचा कुठला ते कळायचं नाही. ३६ शीश्या टाकल्या. कुमारी माद्या पुन्हा पहिल्यापासून वेचायच्या.

२२ एप्रिल

दुसरी तुकडी पार पडली. रीत अशी : मुलगी जन्मल्यावर काही दिवस यीस्ट घातलेल्या माध्यमावर ठेवायची, मग दोन काचपट्ट्यांमध्ये दाबायची. अंडी असली तर लांबट मोत्यांसारखी बाहेर सरकतात. नसली तर नुसता ओलावा. प्रत्येक जोडीच्या ५० मुली तपासल्या.

हार्विच बाप, कँटन आई : ४७ वांझ. हेच अपेक्षित होतं, म्हणजे इन्क्युबेटर आणि हात दोन्ही ठीक.
कँटन बाप, हार्विच आई : २ वांझ.
भाटीचा बाप (सर्व ओळी मिळून), कँटन आई : ३ वांझ.
हार्विच बाप, भाटीची आई, ओळ २ : ३१ वांझ.
हार्विच बाप, भाटीची आई, ओळ ५ : ९ वांझ.

भाटीचे बाप निरुपद्रवी दिसतात. पी-घटक अंगात आहेत, पण कँटनच्या मुलींचं नुकसान करण्याएवढा जोर त्यांच्यात नाही. ३ आणि २ मधला फरक मी फरक म्हणणार नाही. भाटीच्या आया मात्र सारख्या नाहीत. परक्या हार्विचचा मारा ओळ ५ च्या आईने बराच अडवला, ओळ २ च्या आईला ते जमलं नाही. दोन्ही आया मामाच्या एकाच भांड्यावरून, एकाच सकाळी पकडलेल्या.

२७ एप्रिल

रविवार, मामाकडे. आजी पावसाळ्यापूर्वीच्या कामांत होती, तरी तिने विचारलंच, की चिलटांचं काय निघालं. तिला सांगता सांगता मलाच विषय लख्ख झाला, म्हणून तसाच लिहून ठेवते.

पी-घटक फक्त बीजपेशींत, म्हणजे अंडी आणि शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींत, उड्या मारतो. त्याच्या जनुकाच्या मजकुरात तीन ठिकाणी गाळायचा भाग असतो. तिसरा भाग फक्त बीजपेशीच गाळतात, आणि तो गाळला तरच पुरं विकर तयार होतं. शरीराच्या बाकी पेशींत आखूड प्रथिन होतं, ते उलट आवर घालतं. १९८६ पासून हे माहीत आहे. म्हणून माशी स्वतः धडधाकट दिसते आणि नुकसान होतं ते पुढच्या पिढीचं, बीजातच.

मग बीज वाचवतं कोण? २३ ते २९ अक्षरांचे छोटे आरएनए (डीएनएवरून उतरवलेल्या नकला), त्यांना पायआरएनए म्हणतात. माशीच्या डीएनएत काही ठिकाणी जुन्या तुटक्या ट्रान्स्पोझॉनचा कचरा साठलेला असतो. एक्स गुणसूत्रावरचं "फ्लमेंको" हे त्यातलं नाव घेण्यासारखं ठिकाण. या साठ्यातून छोटे आरएनए निघतात, पिवी नावाच्या प्रथिनांच्या खांद्यावर बसतात, आणि आपल्याशी मजकूर जुळणारा ट्रान्स्पोझॉन दिसला की त्याला गप्प करतात. २००७ मध्ये हे उलगडलं. ज्याला आपण कचरा म्हणत होतो ते ओळखपत्रांचं कपाट निघालं. आणि २००८ मध्ये कळलं की आई हे छोटे आरएनए अंड्यात घालून देते. अंड्यातल्या त्या थोड्या आरएनएवर बाळाच्या पेशी पुढचे तयार करतात.

आजी म्हणाली, "म्हणजे विरजण."

अगदी तेच. दूध कितीही चांगलं असो, काल राखलेल्या दह्याचा चमचा पडल्याशिवाय दही लागत नाही. तिच्या घरचं विरजण तिच्या सासूपासूनचं आहे. एकदा नासलं तेव्हा शेजारणीकडून वाटीभर आणावं लागलं होतं, तेही मूळचं हिच्याच घरून गेलेलं. कँटनच्या आईकडे पीचं विरजण नाही, कारण तिच्या घराण्याने पी कधी पाहिलाच नाही. हार्विचच्या आईकडे आहे.

"आणि बापाकडून?"

बापाकडून पी-घटक येतो, विरजण येत नाही. शुक्राणूत जागा असते ती डीएनएपुरती.

आजी थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "मग ती दोन नंबरची? तिच्या आईने दिलं नाही की तिच्याकडे कमी पडलं?" हाच प्रश्न माझ्या प्रकल्पाचा उरलेला अर्धा भाग आहे. ओळ ५ ला तारणारे पायआरएनए आहेत की केपीचं प्रथिन, हे मला या साधनांनी वेगळं करता येत नाही. त्यासाठी अंडाशयातले छोटे आरएनए वाचावे लागतील. आजीला सांगितलं की अजून माहीत नाही.

१ मे

वाचनाची नोंद, थोडक्यात. ही गोष्ट जुनी झालेली नाही. मेलानोगॅस्टरच्या जवळच्या सिम्युलन्स माशीत पी-घटक पोचल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. स्पॉइंक नावाचा आणखी एक तुकडा साधारण १९८३ ते १९९३ च्या दरम्यान मेलानोगॅस्टरमध्ये घुसला, तोही विलिस्टोनीच्या गोतातून, हे २०२४ मध्ये कळलं. दर वेळी पुरावा मिळाला तो कुणीतरी कुठल्या तरी साली पकडून शीशीत जपलेल्या माश्यांमुळे. माझ्या ओळींवर तारीख, भाटीची जागा आणि फळ नीट लिहून ठेवायला मी आजपासून दुहेरी चिठ्ठी लावते आहे, एक आत, एक बाहेर.

ट्रान्स्पोझॉन म्हणजे नुसतं संकट, असं माझ्या सादरीकरणात वाटू नये, असं मॅडमनी सुचवलं, आणि ते खरं आहे. मेलानोगॅस्टरच्या गुणसूत्रांची टोकं झिजू नयेत म्हणून तिच्याकडे आपल्यासारखं टेलोमरेज हे टोकं भरून काढणारं विकर नाही. हेट-ए, टार्ट आणि टाहरे हे तीन उडते तुकडेच टोकांवर येऊन बसतात आणि ती भरून काढतात. अ‍ॅकॉर्ड नावाचा तुकडा एका जनुकाच्या शेजारी बसल्यामुळे माश्या डीडीटीला पुरून उरल्या. आणि खुद्द पी-घटकाला गाडी करून रुबिन आणि स्प्रॅडलिंग यांनी १९८२ मध्ये माशीत हवं ते जनुक पोचवलं. तेव्हापासून माशीवरचं बरंच संशोधन त्याच गाडीतून चालत आलं आहे.

६ मे

बाहेर वाचायला दिलेल्या चार नमुन्यांच्या डीएनएचा मजकूर आला. ठळक पट्टा केपीच आहे. ८०७ व्या अक्षरानंतर थेट २,५६१ वं. ओळ २ मध्ये तेच, ओळ ५ मध्ये तेच, बाकी दोन्हींत तेच. सगळीकडे छापून आलेला जोडही हाच. तुटणं इथे सत्तरीत झालं असतं तर जोड वेगळ्या जागी पडला असता; एवढा तंतोतंत जोड परत परत पडणं अवघड. तेव्हा हा केपी कुठेतरी एकदाच तुटला आणि तुटलेलाच पिढ्यान्‌पिढ्या फिरत मामाच्या भाटीपर्यंत आला.

मामाचा फोन होता. बोंडं संपत आली, परवा शेवटची भाटी, नंतर भांडी धुऊन उलटी ठेवणार. चोथ्याचा ढीग पावसाच्या आधी माडांच्या मुळाशी जाईल. मी त्याला ढीग दोन दिवस तसाच ठेवायला सांगितलं आहे. परवा सकाळी जाऊन शेवटच्या माद्या पकडते, मार्चच्या ओळींशी ताडून बघायला. २० शीश्या आज भरून ठेवल्या.